अब्बांचा प्रोफेसरांना निरोप

मी इंग्लंडला निघालो तेव्हा फाळणीला चार-पाच वर्षं झाली होती. कल्याणच्या आमच्या मोहल्ल्यात कुणाच्या दारात ट्रंक दिसली की लोक एकच विचारायचे, "कराचीला?" अब्बा उंबऱ्यात उभे राहून प्रत्येकाला सांगत होते, "नाही हो, शिकायला. फिलॉसॉफी." अम्मीनं जवळ्याच्या चटणीची बरणी तेवढी ट्रंकेत कोंबली.

पहिल्याच हिवाळ्यात आमचे प्रोफेसर वर्गात म्हणाले, देव म्हणजे जगाबाहेर बसलेला राजा नव्हे. जग घडतं तसा तोही घडत जातो, आपल्या दुःखानं त्यालाही दुखतं. मी हरखून गेलो. अब्बा रागावतील असं वाटत असूनही सगळं लिहून पाठवलं.

उत्तर आलं : "अर्धं खरं आहे. अल्लाहनं जग एकदा बनवून सोडून दिलेलं नाही. तो ते क्षणोक्षणी घडवतो. त्यानं हात काढून घेतला तर हा कागदही उरणार नाही. पण जवळ असणं वेगळं, गरज असणं वेगळं. मला तुझी गरज आहे. त्याला कुणाचीच नाही, तरी तो जवळ आहे. प्रोफेसरसाहेबांना हे सांग आणि ते काय म्हणतात ते कळव."

मी सांगितलं. प्रोफेसरांनी ते पुन्हा एकदा सांगायला लावलं. मग म्हणाले, "तुमचे वडील कुठल्या युनिव्हर्सिटीत शिकवतात?"

"उर्दू शाळेत. चौथीच्या वर्गाला."

पुढच्या वर्षी अम्मी टायफॉइडनं गेली. तार पोचली तेव्हा दफन होऊन गेलं होतं. मी संतापून लिहिलं, "अब्बा, तो इतका जवळ होता ना? मग त्याला काही वाटलं का?"

दोन महिन्यांनी चार ओळी आल्या : "ठाऊक नाही. त्याला आपल्यासारखं दुखतं, असं म्हणायला जीभ धजत नाही. काहीच वाटलं नाही, असंही म्हणवत नाही. रोज पहाटे फजरच्या नमाजनंतर मी हेच विचारतो. तूही विचार बेटा. पण लोकांना नको, त्यालाच विचार."

मी इकडेच राहिलो. अब्बाही गेले. कल्याणात राहिलेल्यांनो, कराचीला गेलेल्यांनो, तुम्हीही कधीतरी मोजून पाहिलं असेल, घराचं काय उरलं ते. माझी नमाज अरबीत होते, मुलांशी बोलणं इंग्रजीत. नमाजनंतर हात उचलून मी त्याला विचारतो, ते मात्र अजून आपल्या मोहल्ल्याच्या बोलीत. तेवढ्या वेळापुरता मी घरी असतो.