भीमसेनरावांची आयुधपूजा

आमच्या भावजींना, म्हणजे माझ्या बहिणीच्या यजमानांना, कुठलीही वस्तू उघडून पाहिल्याशिवाय चैन पडत नाही. लग्नात आमच्या वडिलांनी दिलेलं मनगटी घड्याळ त्यांनी पहिल्या दिवाळसणाच्या आतच खोललं. परत जोडल्यावर ते पूर्वीपेक्षा बरं चालायला लागलं, म्हणून आमच्याकडच्या कोणाला तोंड उघडता आलं नाही. त्यांचं नाव भीमसेनराव. तंजावूरच्या राजवाड्याजवळच्या एका गल्लीत त्यांच्या वडिलांनी काढलेली टायपिंगची शाळा ते चालवत. मी बँकेच्या नोकरीपायी काही वर्षं पुण्यात काढली म्हणून हे मराठीत लिहू शकतो. आमच्याकडे मराठी बोलतात सगळे, पण देवनागरी वाचणारं माझ्याखेरीज कोणी नाही.

माझी बहीण राजम, आमची अक्का, त्या घरात सून म्हणून गेली आणि लवकरच टायपिंगची बाई झाली. खोलीभर यंत्रं खडखडत असताना तिचा आवाज त्या सगळ्यांवर चढायचा. सायकलवरून गल्लीत शिरलं की आधी अक्का ऐकू यायची, मग यंत्रं. तिच्या सासूबाई वेंकूबाई तेव्हा म्हणायच्या, "ही बोलते की दवंडी पिटते?" सासूसुनेचं फारसं पटत नव्हतं. भांडणं नव्हती, पण गोडीही नव्हती.

मग अक्काच्या घशात गाठ निघाली. चेन्नईला ऑपरेशन झालं. जीव वाचला, पण स्वरयंत्र काढावं लागलं. त्याच सुमारास वेंकूबाईंची नजर काचबिंदूनं गेली. एकीला बोलता येईना, दुसरीला दिसेना. अक्का भावजींशी कागदावर लिहून बोले, माझ्याशीही. सासूशी कशानं बोलणार? दिवसभर दोघी एका हॉलमध्ये, वेंकूबाई ऊंजळावर, म्हणजे छताच्या झोपाळ्यावर, झोके घेत आणि अक्का खाली भाजी चिरत, आणि मध्ये एक शब्द नाही. मला तिथे बसवत नसे.

त्यावर उपाय भावजींनी काढला. टायपिंग शिकायला मुलं येईनाशी झाली होती, म्हणून त्यांनी एक कॉम्प्युटर घेतला होता. एका मासिकाबरोबर आलेल्या सीडीवरून त्यात लिनक्स, म्हणजे यंत्र चालवणारी सिस्टम, घातलं, कारण ते फुकट होतं आणि, मुख्य म्हणजे, उघडून पाहता येत होतं. त्यात लिहिलेलं वाचून दाखवणारा एक प्रोग्राम त्यांना सापडला. कॉम्प्युटर हॉलमध्ये ऊंजळाशेजारी आला. अक्का आमचं घरचं मराठी इंग्रजी अक्षरांत टाइप करायची आणि यंत्र ते मोठ्यानं म्हणायचं. आवाज पुरुषाचा, तोही अमेरिकन, सर्दी झाल्यासारखा, आणि अक्काच्या 'आत्याबाई, कापी घेतली काय?'चं तो करायचा: "आट्याबाई, कापी गेटली काय?" पहिल्या दिवशी आम्ही पोट धरून हसलो. अक्का आवाज न करता हसली, तिच्या डोळ्यांतून पाणी आलं.

वेंकूबाई मात्र हसल्या नाहीत. कान देऊन ऐकलं आणि उत्तर दिलं, "घेतली. साखर कमी होती." तिथून ते सुरू झालं. अक्काची बोटं इतकी जलद की यंत्र मागे पडायचं, आणि वेंकूबाई वाट बघायच्या. आयुष्यभर बोलल्या नसतील इतक्या त्या दोघी बोलायला लागल्या: शेजारच्या कामाक्षीची मुलगी, रसम, देवळातला हत्ती. मी संध्याकाळी बँकेतून घरी जाताना डोकावलो तर माझ्याकडे कोणाचं लक्ष नसे. मला त्याचा आनंद व्हायचा.

ही गोष्ट २००१च्या नवरात्रातली. कोलू मांडलेला होता, त्या बाहुल्यांच्या पायऱ्यांपुढे दिवा लावला होता. अक्कानं टाइप केलं, आणि तो सर्दीचा पुरुषी आवाज हॉलभर उमटला. हळदीकुंकवाला आलेल्या बायकांपैकी कोणीतरी फिसकन हसली. वेंकूबाईंना ते लागलं. त्या ताडकन म्हणाल्या, "देवीपुढे ते भूत कशाला बोलवतेस? तो काय तुझा आवाज आहे?"

अक्कानं कीबोर्डवरचे हात काढून मांडीवर ठेवले. त्या संध्याकाळी तिनं पुन्हा काही टाइप केलं नाही.

भावजींनी हे सगळं पाहिलं होतं. त्यांच्याकडे लिनक्सची नवी सीडी आली होती आणि तिच्यात बाईचा आवाज होता, स्वच्छ, मऊ. बायकोला बाईचा आवाज द्यावा, म्हणजे भांडणाचं मूळच जाईल, असा त्यांनी विचार केला. आयुधपूजेच्या आदल्या दिवशी त्यांनी सगळी सिस्टम अपग्रेड केली. यंत्रानं काम संपल्याचं सांगितलं. एकदा बंद करून चालू करून पाहायचं, एवढंच राहिलं होतं.

पण आयुधपूजेची त्यांची एक रीत होती, वडिलांपासून चालत आलेली. त्या दिवशी आमच्याकडे सगळे अवजारांना गंध लावतात. भावजी अवजार आधी पूर्ण खोलतात. जुन्या वेष्टीवर, म्हणजे धोतरावर, प्रत्येक सुटा भाग मांडायचा, पुसायचा, तेल द्यायचं, मग जोडून चंदनकुंकू लावायचं आणि देवीपुढे ठेवायचं. त्यानंतर विजयादशमीपर्यंत त्याला हात लावायचा नाही. टायपरायटरांबरोबर त्यांनी कॉम्प्युटरही खोलला. कार्डं काढली, पट्ट्यांसारख्या रुंद केबली काढल्या, हार्ड डिस्क फडक्यानं पुसली, सगळं जोडलं, पेटीवर गंध लावलं. घर कसं प्रसन्न दिसत होतं.

विजयादशमीला चांगली वेळ पाहून त्यांनी बटण दाबलं. पडद्यावर ओळी धावल्या आणि मध्येच थांबल्या. शेवटच्या ओळीचा अर्थ भावजींनी मला सांगितला: मी ज्या डिस्कवर राहते ती मला सापडत नाही.

"अपग्रेडनं खाल्लं," ते म्हणाले.

मी म्हणालो, "जुनी सीडी पुन्हा घाला की, भावजी."

"कशानं बिघडलं ते कळल्यावाचून घातली तर पुन्हा बिघडेल. मग राजमनं कशावर भरवसा ठेवायचा?"

मला त्यांचा राग आला. माणसं खोळंबली असताना ह्यांना कारण हवं. त्यांचं बरोबर होतं, हे मी त्यांना अजूनही सांगितलेलं नाही.

इकडे वेंकूबाईंची समजूत वेगळीच झाली. सून रुसली, बोलेनाशी झाली, असं त्यांना वाटलं. भावजींनी शपथेवर सांगितलं, "अम्मा, यंत्र बिघडलंय." त्या म्हणाल्या, "मी बोलले आणि नेमकं तेव्हाच बरं बिघडलं?" अक्का जवळ जाऊन त्यांचा हात धरायची, दाबायची. हातानं "मी आहे" एवढं सांगता येतं, "मी रागावले नाही" हे कसं सांगणार? वेंकूबाई हात सोडवून घेत. थोड्या वेळानं आपणच म्हणत, "साखर सरी होती आज," म्हणजे अगदी बरोबर. मग कान देऊन थांबत. आणि कोणी बोलत नसे. सत्तरी ओलांडलेली ती करारी बाई अशी थांबलेली पाहून मी काहीतरी निमित्त काढून उठायचो.

भावजी यंत्रासमोर बसून राहिले. त्यांच्याकडे जुन्या सिस्टमची सुरू करायची फ्लॉपी होती. ती घातली, तर तिनंही तीच तक्रार केली. ह्यावर ते मला म्हणाले, "नवी म्हणते घर सापडत नाही, जुनीही तेच म्हणते. म्हणजे दोष नवीचा नाही. घरच हललंय."

"कोणी हलवलं?"

"मी," ते म्हणाले. "अपग्रेड केलं आणि सुरू करून न पाहता खोललं. टायपरायटरचा एक स्क्रू फिरवला की एक अक्षर मारून पाहा, असं मुलांना शिकवत आलो. स्वतः दोन कामं एकावर एक केली."

पेटी पुन्हा उघडली. आत दोन केबली, दोन्ही राखाडी, दोन्ही सारख्या. एकीला वर्षानुवर्षांची घडी पडलेली होती, आणि ती घडी जिथे वळायला हवी त्याच्या उलट्या बाजूला वळली होती. पुसून जोडताना हार्ड डिस्कची केबल सीडीच्या जागी गेली होती आणि सीडीची डिस्कच्या. अदलाबदल केली, बटण दाबलं. यंत्र सरळ सुरू झालं. अक्कानं भावजींच्या पाठीवर एक चापट मारली.

पण आवाज नव्हता. अक्का टाइप करायची, यंत्र काम झाल्यासारखं दाखवायचं आणि हॉलमध्ये शांतता. भावजींनी ह्या वेळी घाई केली नाही. स्पीकर कॅसेटच्या टेपला लावून पाहिले, ते ठीक. साउंड कार्ड काढून घातलं, यंत्र त्याला ओळखत होतं. मग ते बस स्टँडजवळच्या ब्राउझिंग सेंटरमध्ये गेले आणि चेन्नईच्या लिनक्सवाल्या मंडळींना ई-मेल लिहिली. उत्तर आलं एका ओळीचं: नव्या आवृत्तीत आवाजाच्या सगळ्या वाटा सुरुवातीला बंदच ठेवलेल्या असतात, त्या आपण उघडायच्या. घरी येऊन त्यांनी त्या उघडल्या. इतके दिवस काही मोडलं नव्हतं, यंत्राचं तोंड तेवढं मिटलेलं होतं.

मी मुद्दाम रजा टाकून गेलो होतो. कोलू केव्हाच आवरला होता, हॉल मोकळा वाटत होता. वेंकूबाई ऊंजळावर बसल्या होत्या. भावजी अक्काला म्हणाले, "बोल आता." आणि उगाच वायर पुसत राहिले.

अक्कानं टाइप केलं. बाईचा आवाज आला, गोड, शांत, विमानतळावरच्या बाईसारखा. "आत्याबाई, मी रागावले नाही." उच्चारही पूर्वीपेक्षा कितीतरी बरे. मला वाटलं, जिंकलं.

वेंकूबाईंनी ऊंजळ थांबवला. "कोण आलंय?"

"अम्मा, राजम बोलतेय," भावजी म्हणाले.

"ही राजम नव्हे. ही कोण परकी बाई? राजमला बोलवा की."

"अम्मा, हा नवा आवाज आहे. बाईचा. तुम्हीच म्हणालात ना, ते भूत नको म्हणून."

"मी म्हणाले. माझी जीभ जळो," वेंकूबाई म्हणाल्या. "पण राजम म्हणजे ती. सर्दी झालेली. तिला काय केलंस तू?"

भावजी माझ्याकडे पाहत राहिले. इतक्या दिवसांची धडपड ज्यासाठी होती तेच कोणाला नको होतं. पण ते दुखावले नाहीत, उलट हसले, आणि अक्काच्या शेजारी बसले. जुना आवाज यंत्रातून गेलेला नव्हता, नव्याच्या मागे पडून राहिला होता. त्यांनी एकच ओळ बदलली. बदलल्यावर, काही न उघडता, काही न पुसता, ते उठले आणि कीबोर्ड तिच्याकडे सरकवला.

अक्कानं कीबोर्डवर हात ठेवले. तिनं काहीतरी लांबलचक टाइप केलं, पुसून टाकलं आणि रोजचंच, औषधाचं लिहिलं.

"आट्याबाई," सर्दी झालेला तो अमेरिकन म्हणाला, "अवशड गेटलं काय?"

वेंकूबाईंनी तोंडावर पदर धरला. अक्कानं वाट पाहिली, आयुष्यात पहिल्यांदाच तिनं त्यांची वाट पाहिली असेल.

"घेतलं ग," त्या म्हणाल्या. "आणि तू कुठं गेली होतीस इतके दिवस?"

अक्कानं टाइप केलं.

"इटंच होटे," यंत्र म्हणालं.