महेश्वरीबाईंचा अमरकंद

ईट गावच्या अंगणवाडीतल्या महेश्वरीबाईंच्या मोबाइलमध्ये कुठल्याही दिवशी हजार-बाराशे फोटो असतात आणि त्यातला एकही त्यांचा नसतो. खिचडी खाणाऱ्या पोरांचे, वजनकाट्यावर भोकाड पसरलेल्या पोराचे, आहाराचं पाकीट धरून उभ्या गरोदर बाईच्या चेहऱ्याचे. चेहरा सरकारी ॲपला पटला नाही की त्या बाईला पुन्हा उन्हात उभं करायचं, पदर मागं घ्यायला लावायचा. उन्हाळ्यात पोरं कमी येतात, फोटो कमी होत नाहीत. नोकरीची पहिली पंधरा वर्षं पोरं सांभाळण्यात गेली, पुढची मोबाइल सांभाळण्यात चाललीत. दुपारी घरी आल्या की त्या चप्पलही न काढता पायरीवर बसतात आणि दहा मिनिटं कुणी हाक मारली तरी ओ देत नाहीत.

घरी सासू गंगम्मा, ऐंशीच्या पुढच्या. नवरा शंभुलिंग तुळजापूरला एका लॉजवर मॅनेजर. पंधरवड्याला येतो, झोपतो आणि जातो.

तीन वर्षांपूर्वी रस्ता रुंद करायला जेसीबी आला आणि त्यांच्या शेताचा बांध उकरून गेला. मातीत आल्यासारखे गाठीगाठीचे कंद उघडे पडले होते. गंगम्मांनी लगेच ओळखलं, अमरकंद. त्यांच्या लहानपणी माळावर लई असायचा म्हणे, आता औषधालाही दिसत नाही. महेश्वरीबाईंनी एक कंद पदराला बांधून घरी आणला आणि फुटक्या माठाच्या बुडात मुरूम घालून लावला. का लावला ते त्यांनाही सांगता आलं नसतं. त्या दिवशीही त्या दमलेल्याच होत्या.

पण लळा लागला. पानं आली, लांबट, निऱ्या घातल्यासारखी. संध्याकाळी उजेड मऊ झाला की अंगणवाडीतली दगडी पाटी मागं टेकवायची, कारण काळ्यावर हिरवं उठून दिसतं. मोबाइलचं भिंग पदरानं पुसायचं आणि जमिनीवर पालथं पडून फोटो काढायचा. पन्नाशीची बाई अंगणात अशी पडलेली बघून शेजारच्या सरदारबी एकदा तांब्याभर पाणी घेऊन धावत आल्या होत्या. महिनाअखेरीला मोबाइल भरायचा. सरकारी फोटो अपलोड होईपर्यंत त्यांना हात लावायची सोय नाही, मग खोडायचे ते पानांचेच. खोडताना काही वाटत नाही असं त्या म्हणायच्या. वाटायचं. म्हणून एक ठरवलं होतं, फूल आलं की त्याचा फोटो काही झालं तरी खोडायचा नाही. कुणी मागितलेला नाही, कुठं पाठवायचा नाही, असा एक फोटो आपल्याजवळ असावा.

गेल्या वर्षी मे संपता संपता पानांच्याही आधी दांडा वर आला. एका सकाळी खालची दोन फुलं उमलली, हिरवट पिवळी, खालच्या पाकळीवर तांबूस रेघा. मोबाइल काढला तर जागा शिल्लक नाही आणि लसीकरणाची वेळ झालेली. ऊन कललं की काढू म्हणून त्या गेल्या. इकडं गंगम्मांनी अंघोळ करून पूजेसाठी डाव्या तळहातावर इष्टलिंग घेतलं. अंगणात पहिल्यांदाच आलेलं फूल देवाला नाही तर कुणाला, म्हणून त्यांनी अख्खा दांडा खुडून वाहिला. दुपारी महेश्वरीबाईंना तो तबकात मलूल पडलेला दिसला. हातपाय धुऊन भाकरीला बसल्या.

दिवाळीनंतर पानं वाळली. अमरकंद उन्हाळाभर झोपून असतो, तेव्हा त्याला पाणी दाखवायचंच नसतं. बांधावर त्याला कोण पाणी घालत होतं? त्यांनी माठाची ती कुंडी जिन्याखाली कोरड्यात ठेवून दिली. नुसत्या मातीत रोज बघायचं तरी काय! यंदा जून तोंडावर आला तरी कोंब दिसेना, म्हणून त्यांनी कुंडी बाहेर ओढली. ती जड लागली. माती ओली गच्च होती. बोट खुपसलं तर कंद खळीसारखा लिबलिबीत हाताला आला. मातीवर बेलाची पानं चिकटलेली बघितली आणि त्यांना सगळं कळलं. पूजेचं पाणी पायदळी जाऊ नये म्हणून गंगम्मा ते नेहमी अंगणातल्या मोगऱ्याला घालायच्या. मोगरा दोन-तीन महिने सुकत चाललाय हे महेश्वरीबाईंना दिसत होतं. का, ते विचारायचं त्राण नव्हतं.

राग आला.

"आला का गं कोंब?" दारातून गंगम्मांनी विचारलं.

"न्हाय अजून, आत्या. येईल."

म्हातारी भिंत धरत आली आणि कुंडीशी बसली. जन्मभर शेतात हळद लावलेली बाई, तिला कुजक्या कंदाचा वास सांगावा लागत नाही.

"कुजलाय की."

महेश्वरीबाईंनी बेलाची पानं वेचून बाजूला ठेवली.

"म्या रोज तीर्थ घातलं ह्यात. गेल्या साली तुजं फूल खुडलं, अन् तुज्या तोंडाकडं बघितलं तवाच कळलं, चुकलं आपलं. म्हनलं, औंदा देवाच्या पान्यानं भरघोस यील."

"ऱ्हाऊ द्या, आत्या."

"सारखं ऱ्हाऊ द्या!" गंगम्मांचा आवाज चिरकला. "घरात आलीस तवा मिठाच्या खड्यावरनं भांडायचीस माज्यासंगं. दोन वर्सं झाली, भांडली न्हाईस. फूल खुडलं तरी न्हाय, कंद मारला तरी न्हाय. मी मेले का काय तुज्या लेखी?"

महेश्वरीबाई पायरीवर बसल्या. बोलायचं पुष्कळ होतं. फुलाचं, कंदाचं, आणखी कशाकशाचं. आजचे फोटो बाकी आहेत, असं मोबाइल टुणटुण करून सांगत होता. त्यांनी तो पालथा घातला आणि चिखलाचा हात सासूच्या गुडघ्यावर ठेवला.

"भांडायचंय, आत्या," त्या म्हणाल्या, "लई भांडायचंय तुमच्याशी. पण आज जीव न्हाय हो. उद्या भांडते."