तेवढी शिफ्ट वगळून

“आईंना जरा उभं कर. मागच्यांना दिसत नाहीये.”

सर, माझे पीएच.डी.चे गाइड, माइकवरून बोलले. बोलले मला, ऐकलं सगळ्या हॉलनं. आई पहिल्या रांगेत माझ्या शेजारी बसली होती. पदर दोन्ही खांद्यांवरून घेतलेला, चपला खुर्चीखाली नीट सरकवलेल्या. इंग्रजीतलं एक अक्षर तिला कळत नव्हतं, तरी ती बोलणाऱ्याच्या तोंडाकडे बघत होती. माणूस बोलत असताना त्याच्याकडे बघावं, एवढी रीत तिला होती.

मी तिच्या कोपराला हात लावला. ती उठली, हॉलकडे वळली. पुढे काय करायचं ते न कळून तिनं हात जोडले. टाळ्या वाजल्या.

तिच्या पाठीमागे पडद्यावर माझा भाऊ होता. कंपनीच्या ओळखपत्रावरचा फोटो. शर्टाचं गळ्याशी असलेलं बटणही लावलेलं, कारण फोटो काढणाऱ्यानं तसं सांगितलं होतं. फोटोच्या वर इंग्रजीत एकच शब्द. मोटिव्हेशन.

आमच्या क्षेत्रात ही पद्धत आहे. आपलं गणित उपयोगाचं आहे हे पटवायचं असेल, तर पहिली स्लाइड मोटिव्हेशनची. हे सगळं कशासाठी, ते त्यात दाखवायचं. कुणी मेंदूतल्या गाठीचं चित्र लावतं, कुणी पुरात बुडालेल्या गावाचं. दोन मिनिटं. मग खरं काम सुरू होतं आणि त्या चित्राकडे परत कुणी येत नाही.

आई खाली बसली. बसताना तिनं पडद्याकडे पाहिलं.

“आपल्या संतूचा फोटू हितं कामून लावला गं?” तिनं हळूच विचारलं.

“त्याच्यावरच बोलणार आहेत,” मी म्हणाले. तोवर मलाही तसंच वाटत होतं.

आम्ही परभणीकडचे. वडील गेल्यावर आई आम्हा दोघांना घेऊन दापोडीला आली, मामाच्या ओळखीनं. रुळांच्या बाजूची खोली. आई चार घरची धुणीभांडी करायची. दादा आयटीआय करून चाकणला लागला, ठेकेदाराकडून, गाड्यांचे पत्र्याचे भाग बनवणाऱ्या एका कंपनीत. कासारवाडीला नाशिक फाट्यावर त्यांची बस यायची. मी शिकत राहिले. एम.एस्सी. झाले, मग इथल्याच एका इंजिनिअरिंग कॉलेजच्या संशोधन केंद्रात पीएच.डी.ला नाव घातलं. विषय टोपोलॉजी.

टोपोलॉजी म्हणजे आकाराचा अभ्यास, पण मापं सोडून. वस्तू ताणली, दाबली, वाकवली तरी तिच्या आकारात काय शिल्लक राहतं ते बघायचं. त्यात भोकं मोजणं फार. बांगडीला एक भोक, चेंडूला एकही नाही. दादाला हे सांगितलं तेव्हा तो जेवताजेवता ठसका लागेपर्यंत हसला.

“म्हणजे आम्ही दिवसभर पत्र्याला भोकं पाडायची आणि तू ती मोजायची. भारीय राव. घरातल्या घरात धंदा.”

पण नंतर त्यानंच मला विषय दिला. “आमच्या पत्रा दाबायच्या प्रेसला सेन्सर बसवलेत. आकडे नुसते साठतायत, कुत्रं विचारत नाही. तुला पाहिजेत का?”

हवे होते. मशीन ठीक चालत असेल तर तेच तेच करत राहते. तिच्या कंपनांचे आकडे ठिपके म्हणून मांडले की ठिपक्यांचं कडं तयार होतं. मशीन बिघडायला लागली की कडं वाकडं होतं, कधी फुटतं. दादानं सुपरवायझरच्या मागे लागून माझी मॅनेजरशी गाठ घालून दिली. आकडे मिळाले. सर खूश झाले. “कॉन्टॅक्ट चांगले आहेत तुझे,” म्हणाले.

मग दादा गेला. त्याच प्रेसवर. साच्यात अडकलेला तुकडा काढायला तो वाकला होता, आणि प्रेस खाली आली. याहून जास्त मला लिहिता येत नाही.

कंपनीनं चौकशी केली. निष्कर्ष एका ओळीचा. कामगाराचा निष्काळजीपणा.

“निष्काळजी म्हंजी काय गं?” आईनं विचारलं.

“लक्ष नसणं.”

“संतूचं? ते लेकरू ताटात मीठसुदा बघून वाढून घेयाचं.”

सेन्सर मात्र चालूच होता. त्या शिफ्टचे आकडे माझ्याकडे इतर आकड्यांबरोबरच आले. मला ते उघडायला फार दिवस लागले. उघडले, मांडले. त्या सकाळी, तो वाकण्याच्या बऱ्याच आधीपासून, कडं फुटलेलं होतं. मी परत मांडलं. वेगळ्या रीतीनं मांडलं. फुटलेलंच.

सिद्ध झालं असं मी कधीच म्हटलं नाही. एका शिफ्टवरून काही सिद्ध होत नाही, एवढं गणित मला येतं. मी म्हणत होते, हे बघा. मशीन आधीपासून सांगत असेल, तर चूक वाकणाऱ्याची नव्हती. सरांना दाखवलं. ते स्क्रीनकडे पाहत राहिले. “इंटरेस्टिंग आहे. बघू,” म्हणाले.

ही माणसं मला आवडायची, हेही लिहायला हवं. टोपोलॉजी आणि डेटा यांत काम करणाऱ्यांचा हा छोटा समूह. प्राध्यापक, विद्यार्थी, हिंजवडीतले काही नोकरदार. वर्षातून एकदा भेटायचे, एरवी फोनवरच्या ग्रुपमध्ये बोलायचे. चहाच्या कपाच्या कानातलं भोक मोजायचं का, यावरून वाद घालायचे. चाळीत वाढलेल्या मुलीला पहिल्यांदाच असं वाटलं होतं की इथे नुसता विचार बरोबर असला की पुरतं. ते घर मला दादाच्या नंतरही होतं. म्हणून पुढचं जास्त लागलं.

या वेळचा मेळावा आमच्याच कॉलेजात होता. सरांनी बोलावून सांगितलं, “उद्घाटनाचं व्याख्यान तुझ्या भावाच्या मशीनवर देतोय. आईंना आण. शाल, श्रीफळ देऊन सत्कार करू.”

मी घरी जाऊन सांगितलं. आईनं पेटीतली बरी साडी काढून उन्हात टाकली.

“म्हंजी आता चारचौघांत सांगतेल का,” तिनं विचारलं, “की त्याची चूक नव्हती म्हनून?”

“सांगतील,” मी म्हणाले.

त्यासाठी ती आली होती. शालीसाठी नाही.

तर दादाचा फोटो गेला आणि व्याख्यान सुरू झालं. सर बोलतात छान. एकेक चित्र येत गेलं आणि शेवटी पडदाभर कडं आलं. गोल, स्वच्छ, कुठेही ओरखडा नसलेलं. मला ते ओळखू आलं नाही. माझ्याच आकड्यांचं होतं. खाली बारीक अक्षरांत एक टीप होती. मी पुढे वाकून वाचली.

मागून एका तरुण प्राध्यापकानं तीच टीप वाचून विचारलं, मधला एक टप्पा का वगळलाय?

सर म्हणाले, इंग्रजीत, “तिथे सेन्सरचा गोंधळ दिसतो. तेवढी एक शिफ्ट वगळली की आकार सुंदर येतो.”

दुसऱ्या रांगेत कंपनीची माणसं बसली होती. मेळाव्याचं जेवण त्यांच्याकडून होतं. त्यांनी माना डोलावल्या. प्रश्न विचारणाराही हो म्हणून बसला. कुणाला काही खटकलं नाही. आकडे साफ करणं रोजचंच काम. थोडी घासपूस करावीच लागते.

आईनं माझी बाही ओढली. “काय म्हनले गं? संतूचं सांगितलं का?”

मला हो म्हणता आलं असतं. तिला कळलं नसतं. ती शाल घेऊन घरी गेली असती आणि मरेपर्यंत तिला वाटलं असतं की मोठ्या माणसांनी सगळ्यांसमोर तिच्या मुलाला निर्दोष म्हटलं. तेवढं समाधान मी तिला देऊ शकत होते. तोंडाशी आला होता तो हो.

मी उभी राहिले. तिच्याकडे बघून बोलले, मराठीत, आणि आवाज खाली आणला नाही.

“आई, सर म्हणतात, दादा गेला त्या शिफ्टचे आकडे वगळलेत. ते धरले तर आकार बिघडतो.”

“वगळले म्हंजी?”

“काढून टाकले.”

आईनं पडद्यावरच्या त्या गोल कड्याकडे पाहिलं. मग सरांकडे.

“मंग फोटू कामून ठिवला?”

हॉलमधल्या निम्म्याहून जास्त लोकांना मराठी येत होतं.

सर आता मराठीत आले. “अगं, हे आपण नंतर बोलू. भावना आणि गणित वेगळं ठेवायला शिक. तुम्हा लोकांचं हेच होतं. इथवर येता, आणि मग…”

वाक्य त्यांनी सोडून दिलं. पूर्ण करायची गरजही नव्हती. तुम्हा लोकांचं. शाळेत ऐकलं होतं, वसतिगृहात ऐकलं होतं, आडनाव विचारल्यावरच्या त्या छोट्या थांबण्यात ऐकलं होतं. इथे ऐकलं नव्हतं. आज ऐकलं.

मी पडद्याकडे हात केला.

“सर, फोटो काढा. नाहीतर ती शिफ्ट परत घाला. दोन्हींतलं एक करा. माझा भाऊ सुरुवातीला दाखवायचा आणि कामातून काढायचा, हे चालणार नाही.”

“प्लीज सिट डाउन,” कुणीतरी मागून म्हणालं. जो म्हणाला त्याच्याबरोबर मी दोन दिवस आधी हसत चहा घेतला होता.

आईनं खुर्चीखालून चपला ओढल्या, पायांत घातल्या आणि निघाली. मी तिच्या मागून. दारापाशी संयोजक बाई धावत आल्या. हातात तबक, त्यात शाल आणि नारळ.

“आई, अहो आई, सत्कार राहिलाय. हे तरी घेऊन जा.”

“ठिवा बाई,” आई म्हणाली. “फुडच्या बाईला व्हईल.”

बसमध्ये आई खिडकीकडे बघत राहिली. दापोडी जवळ आल्यावर म्हणाली, “तुला काढतेल का आता?”

“काढतील बहुतेक.”

“बरं,” ती म्हणाली. आणि मग रडली. दादा गेल्यापासून पहिल्यांदा, लोकांच्या देखत, तोंडावर पदर न घेता.

पुढच्या आठवड्यात सरांनी केबिनमध्ये बोलावलं. माफीचं पत्र लिहून दे, विषय संपवू. या कामाच्या रिसर्च पेपरमध्ये तुझंही नाव घालतो. मी म्हणाले, ती शिफ्ट घालणार असाल तर नाव घाला. ते म्हणाले, मग दुसरा गाइड बघ. मी बघते आहे. चौघांना विचारलं. चौघांनीही सध्या जागा नाही असं कळवलं.

फोनवरच्या ग्रुपमध्ये त्या दिवसाबद्दल एक अक्षर आलं नाही. जेवणाचे फोटो आले. एकानं मला एकटीला मेसेज केला. तुझं म्हणणं बरोबर आहे, पण ती जागा नव्हती. मी तो बरेचदा वाचला. मग जागा कुठली? कंपनीची चौकशी ही जागा नव्हती, सरांचं केबिन नव्हतं, पेपर नव्हता. जिथे माझ्या भावाबद्दल खरं बोलता येईल अशी जागा कुणी राखून ठेवलेली नाही.

म्हणून मी ठरवलं आहे. प्रबंध लिहिणार, गाइड मिळाला तर त्याच्यासह, नाही मिळाला तर स्वतः छापून. त्यात ती शिफ्ट असेल. माझं गणित चूक निघालं तर चूक म्हणून छापीन, पण तपासल्याशिवाय एक ठिपका कुणाला काढू देणार नाही. आणि पुढच्या मेळाव्याला मी जाणार. बोलावणं येणार नाही, तरी जाणार. जो कुणी गोल, गुळगुळीत आकार दाखवेल त्याला विचारणार, तुम्ही यातून काय काढलंत? ते काढलं त्या वेळी मशीनवर कोण होतं? मराठीत विचारणार.

त्या माणसाचं नाव सांगितल्याशिवाय पुढची स्लाइड लागू देणार नाही.