चहाआधीचे गुण

तो कुऱ्हाड घेऊन मला मारायला आला होता, असं मी पोलिसांना लिहून दिलं. ते खोटं आहे. कुऱ्हाड त्याच्या पिशवीत होती हे खरं, पण ती कशासाठी होती हे मला पक्कं ठाऊक होतं. आणि पहिला घाव मी घातला. दगडानं, त्याच्या हातावर.

मी धाराशिवच्या एका महाविद्यालयात भूगोल शिकवला आणि तिथूनच निवृत्त झालो. तो माझा विद्यार्थी, तेरचा. त्याचे आईवडील दुसऱ्याच्या रानात मजुरीला जायचे. माझ्या मार्गदर्शनाखाली त्यानं तेरणाकाठच्या मातीवर पीएच.डी. केली. पुढची नऊ वर्षं तो तासिका तत्त्वावर शिकवत राहिला. म्हणजे घेतलेल्या तासांपुरताच पगार, उन्हाळ्यात काहीच नाही, आणि दर जूनला पुन्हा नव्यानं अर्ज. कायमच्या जागेची जाहिरात निघाली की पांढरा शर्ट घालून, फाईल मांडीवर घेऊन हा कुठल्या तरी गावच्या व्हरांड्यात दिवसभर बाकड्यावर बसायचा आणि परत यायचा. बहुतेक ठिकाणी उमेदवार आधीच ठरलेला असायचा.

अशानं खचलेली पोरं मी पुष्कळ पाहिली. कुणी दारूला लागलं, कुणी विम्याचे कागद घेऊन दारोदार फिरायला लागलं. यानं स्वतःचा मार्ग काढला होता. त्याच्या घरामागं बाभळीच्या बुंध्यांचा ढीग असायचा. गाठीगाठींचे, पिळवटलेले, ज्यांना कुणी कुऱ्हाड लावत नाही असे. मुलाखतीहून आला की शर्ट खुंटीला अडकवायचा आणि त्यातला एक बुंधा ओढायचा. मी एकदा तेरला गेलो होतो तेव्हा पाहिलं. तो लाकूड फोडत नव्हता, जीव घेत होता. कुऱ्हाड गाठीत रुतायची, तो बुंध्यावर पाय देऊन ती उपटायचा आणि पुन्हा हाणायचा. ढलपे भिंतीवर आदळत होते. एक त्याच्या भुवईवर बसला. रक्त डोळ्यात उतरलं, ते त्यानं मनगटानं पुसलं आणि पुन्हा हाणलं.

वडील ओट्यावर बसून बघत होते. म्हणाले, "सर, ह्याला नोकरी लागली तर आमाला ग्यास घ्यावा लागंल. आता तर सरपणाची काळजीच न्हाय."

तो धापा टाकत हसला. बुंध्याकडं बोट करून म्हणाला, "ह्यो परवाचा अध्यक्ष हाय, सर. लई चिवट."

बुंधा फुटला की तो हातपाय धुवायचा आणि दुसऱ्या दिवशीच्या तासाचं टिपण काढायला बसायचा. प्रत्येक नकाराला एक बुंधा, असं ते नऊ वर्षं चाललं होतं.

मग एका संस्थेत भूगोलाची जागा निघाली आणि निवड समितीत विषयतज्ज्ञ म्हणून मला बोलावणं आलं. अशा समित्यांवर आमची एक रीत होती. ती बाहेर कुणी सांगत नाही, तरी वर्षानुवर्षं बाकड्यावर बसलेल्या पोरांच्या कानावर ती गेलेली असते. गुण आधी पेन्सिलनं द्यायचे. मग चहा यायचा. चहाबरोबर संस्थेचे सचिव आत यायचे, पिकापाण्याच्या गप्पा व्हायच्या, आणि चहा संपल्यावर पेन्सिल खोडून शाईनं गुण भरायचे. चहाआधीच्या आणि चहानंतरच्या गुणांचा मेळ बसायलाच हवा असं नव्हतं. ही रीत मी बरीच वर्षं पाळली होती, तक्रार न करता.

त्या दिवशी तो इतकं चांगलं बोलला की उरलेले दोघं तज्ज्ञ वाद न घालता माझ्याशी सहमत झाले. नदी पात्र का बदलते असं विचारल्यावर त्यानं खडू उचलला आणि अख्खी तेरणा फळ्यावर वाहती केली. आम्ही तिघांनीही पेन्सिलनं त्यालाच सर्वांत जास्त गुण दिले. मला वाटलं, यात आता कोण हात घालणार? चहा यायच्या आधी मी व्हरांड्यात गेलो. तो बाकड्यावर होता. मी जवळून जाताना हळूच म्हणालो, "पेढे सांग."

इतकी वर्षं त्या खोल्यांत बसूनही पेन्सिलच्या भरवशावर मी बोललो.

चहा आला. सचिवांनी बशी माझ्यापुढं सरकवली. म्हणाले, "सर, जावईबापू आमच्याकडंच हायेत की. बरं चाललंय त्यांचं. पुढंबी बरंच चालावं." माझा जावई त्याच संस्थेत नोकरीला होता. बशीखाली एक चिठ्ठी होती आणि तिच्यावर दुसऱ्याच उमेदवाराचं नाव. मी चहा पूर्ण प्यायलो. खोडरबर माझ्याच खिशात होतं.

तिकडं तेरमध्ये त्याच्या वडिलांनी सगळ्या वस्तीत पेढे वाटले होते. ज्यांच्या रानात राबायचे त्या मालकालाही पेढा देऊन आले होते. यादी लागली तेव्हा तोंड दाखवायला जागा राहिली नाही.

चौथ्या दिवशी, रविवारी, सकाळी दहाच्या सुमारास तो माझ्या घरी आला. धाराशिवच्या बाजारातून कुऱ्हाडीला नवा दांडा बसवून घेतला होता. जुना मोडला होता, आणि घरी नवा बुंधा वाट बघत होता. त्यानं पिशवी खुर्चीला टेकवली. दांडा वर दिसत होता. तो माझ्या टेबलापाशी उभा राहिला, उजवा हात टेबलावर टेकवून.

"सर, पेन्सिलनं किती दिलते?"

मी म्हणालो, "कसली पेन्सिल? तू मुलाखतीत कमी पडलास."

"मग पेढे कशापायी सांगितले?"

"मी काही सांगितलं नाही."

"सर, मी भांडाय आलो न्हाय. तुमी एकदा खरं सांगा. कमी पडलो आसंल तर तसं सांगा. म्या जातो."

तो ओरडला असता तर मी कदाचित गप्प बसलो असतो. त्याच्या डोळ्यांत शिष्य होता, अजूनही, आणि ते मला सहन होईना. टेबलावर कागद उडू नयेत म्हणून ठेवलेला काळा दगड होता, तेरणेच्या पात्रातला, त्यानंच संशोधनाच्या काळात आणून दिलेला. मी तो उचलला आणि त्याच्या हातावर हाणला. हाड मोडल्याचा आवाज मी ऐकला, तरी पुन्हा हाणला. तो खाली वाकला तेव्हा तिसरा घाव त्याच्या कानावर घातला. केसांतून रक्त आलं आणि कॉलर लाल झाली. त्यानं डाव्या हातानं मला ढकललं, तेही मी चौथ्यांदा हात उगारला म्हणून. मी दाराच्या चौकटीवर पडलो आणि माझं कपाळ फुटलं.

हे सगळं माझ्या बायकोनं स्वयंपाकघराच्या दारातून पाहिलं.

शेजारी धावून आले. त्यांना आधी माझं रक्त दिसलं, मग पिशवीतली कुऱ्हाड. कुणीतरी विचारलं, "मारायला आला व्हता का, सर?" मी म्हणालो, "व्हय." ठाण्यात माझं आडनाव ऐकून मला खुर्ची दिली. त्याला आडनाव विचारलं आणि भिंतीपाशी उभं केलं. मोडलेला हात छातीशी धरून तो तासभर तसाच उभा होता. दगडाचा उल्लेख माझ्या जबाबात नव्हता. त्यानं सांगितला, पण कुणी लिहून घेतला नाही.

वस्तीतले लोक त्याला म्हणाले, तूही तक्रार दे, आम्ही मागं उभे राहतो. त्यानं दिली नाही. सरांवर केस करणाऱ्याला कुठली संस्था मुलाखतीला बोलावंल, असं त्याचं म्हणणं होतं. अजूनही त्याला प्राध्यापकच व्हायचं होतं. पण खटला उभा राहिल्यावर त्याचे तास बंद झाले. अर्जात 'गुन्हा प्रलंबित आहे का' हा रकाना आला की हात थांबायचा. तोही आता डावाच.

मी घरी आलो तेव्हा बायकोनं दगड धुऊन परत कागदांवर ठेवलेला होता. खटल्याच्या पहिल्या दोन तारखांना मी आजारपणाचा दाखला पाठवला. पाच वर्षं तो दगड तिथंच होता. मी दोनदा कपाटात ठेवला, तिनं दोनदा काढून टेबलावर आणला. तिसरी तारीख आली तेव्हा ती म्हणाली, "अहो, मला साक्षीला बोलावलं तर मी खरं बोलणार. त्याच्या आधी तुमी बोलला तर बरं."

मी धाराशिवच्या कोर्टात उभा राहिलो. सरकारी वकिलांनी कुऱ्हाड दाखवली. "हीच का ती?"

"हीच. पण ती लाकडासाठी होती. मारलं मी. आधी मीच मारलं."

वकील माझ्याकडं बघतच राहिले. आरोपीनं धमकावलंय का, पैसे दिलेत का, असं त्यांनी विचारलं. मी नाही म्हणालो आणि हात, कान, दगड, सगळं क्रमानं सांगितलं. त्यांनी मला फितूर साक्षीदार ठरवून घेतलं. माझ्यावर खोट्या जबाबाची कारवाई होईल असं बजावलं गेलं. व्हावी.

तो निर्दोष सुटला. निकालाच्या दिवशी कोर्टाच्या आवारात तो लिंबाखाली उभा होता. चाळिशी उलटलेली, कानामागं पांढरा व्रण. मला वाटलं होतं तो पाया पडेल किंवा थुंकेल. त्यानं यातलं काहीच केलं नाही. उजवा हात माझ्यापुढं धरला. मधली दोन बोटं वळत नव्हती.

"पुढच्या आठवड्यात मुलाखत हाय, सर. निकालाची नक्कल तवर मिळाली म्हंजी बरं."

"मिळेल. मी वकिलांशी बोलतो."

"मिळंल, पण मुलाखतीवरून आल्यावर काय करावं कळत न्हाय. ह्या हातात कुऱ्हाड ऱ्हात न्हाय. घरामागं बुंधे पडून हायेत."

त्यानं हात खाली घेतला.

"आज तुमी दगडाचं सांगितलं. पेन्सिलचं न्हाय सांगितलं."

"कोर्टानं विचारलं नाही."

"म्या विचारलं व्हतं," तो म्हणाला आणि बसस्टँडकडं चालायला लागला.

म्हणून हे लिहिलं. चहाआधी शंभरपैकी ब्याण्णव होते. त्याच्या खालच्याला एकाहत्तर. मी त्याचे ब्याण्णव खोडले, वर शाईनं अठ्ठावन्न लिहिले आणि खाली सही केली. तो कमी पडला नव्हता. हा कागद मी उद्या तेरला त्याच्या हातात देणार आहे, आणि एक प्रत त्या संस्थेच्या सचिवांकडं. जावयाला कालच फोन करून सांगितलं. त्यानं फोन आपटला.