बहिणीच्या दुकानाचा बोर्ड

मित्रांनो, आज दुपारची वडवणीतली गोष्ट.

धाकट्या बहिणीचं शिलाईचं दुकान परवा सुरू होतंय. बोर्ड रंगवायला पेंटर आला. तिने लहानपणापासूनचा आवडता पिवळा रंग सांगितला.

पेंटर हसला. "ताई, पिवळा दिला तर एका गल्लीच्या बाया येतील, तीन गल्ल्यांच्या न्हाई येणार."

"मग निळा?"

"त्याचंबी तसंच हाय. भगवा, हिरवा तर इचारूच नका."

"पांढरा?"

"उद्घाटनाला? लोक इचारतील, घरात कोण गेलं."

मी पुढे झालो. रंगाला जात नसते, हे मी पंधरा वर्षं स्टेजवरून सांगतोय. तेच पुन्हा सांगितलं. बहिणीने शांतपणे ऐकून घेतलं. मग म्हणाली, "दादा, तू भाषण ठोकून बीडला जाशील. मला हितं रोज गिऱ्हाइकाची वाट बघत बसायचंय."

पेंटरने राखाडी रंगाचा डबा उघडला आणि माझ्याकडे बघितलं. मी म्हणालो, "हाच दे."

तेव्हापासून स्वतःचाच राग येतोय. तिच्या जागी तुम्ही पिवळा दिला असता का? खरं सांगा. आणि तुमचं दुकान कोणत्या गल्लीत आहे, तेही सांगा.