बेचाळीस अंशांचं व्याख्यान

मला सगळे डॉक्टर म्हणायचे आणि मी म्हणू द्यायचो. खरं तर मी मुंबईतल्या एका संशोधन संस्थेत साधा संशोधन साहाय्यक होतो. माझं काम पेशी पाळायचं. पाळायच्या, वेळच्या वेळी खाऊपिऊ घालायचं आणि मग छळायच्या. कधी चटका द्यायचा, कधी उपाशी ठेवायचं, कधी विषाचा थेंब पाजायचा. इजा झाली, ताण पडला, रोग शिरला की पेशी काय करते, हा आमच्या साहेबांचा विषय होता. बदलापूरच्या आमच्या बिल्डिंगमध्ये कोणी विचारलं तर मी सांगायचो, "पेशींना त्रास देतो." तळमजल्यावरचे निवृत्त हेडक्लार्क त्यावर म्हणायचे की ऑफिसात जन्मभर आम्हीही तेच केलं, फक्त माणसांना.

ऐंशीचं दशक नुकतंच संपलं होतं. बिल्डिंगचा गणपती पाच दिवसांचा असायचा. तिसऱ्या दिवशी संध्याकाळी पोरींचे नाच, एका होतकरू इसमाची मिमिक्री आणि आरतीच्या आधी माझं व्याख्यान. व्याख्यान कसलं, नाटकच. कॉलेजात मला अभिनयाची दोन बक्षिसं मिळाली होती आणि नंतर कोणी स्टेजवर उभं केलं नव्हतं. तो सगळा साठलेला जोर मी विज्ञानावर काढायचो.

त्या वर्षी मी चटक्याची गोष्ट निवडली. गोष्ट आहेच तशी देखणी. सदतीस अंशांवर, म्हणजे शरीराच्या नेहमीच्या उबेत, सुखाने राहणारी पेशी उचलून एकदम पंचेचाळीसवर नेली तर ती मरते. पण तिला आधी अर्धा तास बेचाळीसवर ठेवलं, थोडी उसंत दिली आणि मग पंचेचाळीसवर नेलं, तर ती पुष्कळदा तगते. पहिल्या चटक्याला ती हातातली सगळी कामं टाकून देते आणि रखवालदार प्रथिनं बनवायला बसते. दुसरा चटका येतो तेव्हा रखवालदार दारात उभे असतात.

मंडपात ही पेशी मीच झालो. उपरणं डोक्याला गुंडाळलं, चटका बसल्यावर किंचाळलो, रखवालदार होऊन मिशीला पीळ दिला. मग पहिल्या मजल्यावरच्या काकूंना विचारलं, "काकू, भाकरी तव्यावर कशाने उलटता?"

"हाताने," काकू म्हणाल्या.

"आणि काका?"

"त्यांना ताटातली भाकरीसुद्धा पोळते."

मंडप हसून लोळायचा बाकी राहिला. तो हशा ओसरायच्या आत मी दोन्ही हात वर केले आणि म्हणालो, "थोडाथोडा चटका सोसलेली पेशी मोठ्या चटक्याला हसते." टाळ्या अशा पडल्या की मखरातले लाइट हलले, असं मला तरी दिसलं.

माझ्या खिशात एक कागद होता. त्यावर व्याख्यानाचा उरलेला अर्धा भाग लिहिलेला होता. की ही ताकद तीन-चार दिवसांत उतरते. की रखवालदार बनवायला बसलेली पेशी तेवढा वेळ बाकीच्या कामांना मुकते. की चटक्याच्या पेशीचे रखवालदार विषाच्या किंवा तेजाबाच्या कामाला येतीलच असं नाही. आणि भाकरीचं उदाहरण तर साफ खोटं होतं. काकूंच्या बोटांवर वर्षानुवर्षांची राठ कातडी होती, एवढंच. हे सगळं मला माहीत होतं. पण टाळ्या पडल्यावर थांबावं, हे नाटकवाल्याला सांगावं लागत नाही. कागद खिशातच राहिला आणि मी वाकून नमस्कार केला.

आमच्या शेजारचे दादा तिसऱ्या रांगेत बसले होते. ते मूळचे बारवी धरणाच्या वरच्या अंगाच्या पाड्यातले. उल्हासनगरला कॅम्प चारमधल्या एका प्लेटिंगच्या कारखान्यात ते बारा वर्षं क्रोमच्या टाकीवर होते. पितळेचे नळ, सायकलची हँडलं हुकाला लावून तांबूस पिवळ्या तेजाबी पाण्यात सोडायची आणि चकाकली की काढायची. त्या टाकीतून सतत एक बारीक तुषार उडत असतो. त्याने हाताला भोकं पडतात, नाक आतून झिजतं. त्यांच्या बरोबरीच्या दोघांचं झालं होतं तसं. म्हणून वहिनींनी, म्हणजे त्यांच्या बायकोने, वर्षभर भांडून त्यांना कोपरापर्यंतचे रबरी मोजे घालायला लावले होते आणि नाकावर ओलं फडकं बांधायला. दादांना दोन्हीचा तिटकारा होता. मोज्यातून हूक निसटतो, माल टाकीत पडतो आणि मग सगळे हसतात, असं त्यांचं म्हणणं.

विसर्जनानंतर दोन दिवसांनी वहिनी दारात उभ्या राहिल्या. माझ्याकडे कॉलेजचे दोन मित्र आले होते आणि मी रंगात होतो.

"भावजी, हे म्हणतात मोजे नको, फडकं नको, पेशी तयार होऊ दे. डॉक्टरच म्हणाले म्हणतात. तुम्ही असं म्हणालात?"

मी म्हणालो, "मोजे नकोत असं मी कुठे म्हणालो? पण पेशी तयार होतात, हे खरं आहे वहिनी."

"मग घालू दे का नको?"

मित्र बघत होते. आदल्याच तासाला मी त्यांना मंडपातल्या टाळ्यांचं साग्रसंगीत वर्णन ऐकवलं होतं. मी म्हणालो, "काळजी माणसाने घ्यावीच." वाक्य असं बेतलेलं की कुठूनही पकडता येऊ नये. वहिनी थोडा वेळ तशाच उभ्या राहिल्या, कदाचित पुढे काही येईल म्हणून, आणि गेल्या. मी मित्रांकडे वळून वहिनींची नक्कल केली. होय, केली. हे इथे लिहिताना कान तापतात, पण सोडून देता येत नाही.

दुसऱ्या दिवशी प्रयोगशाळेत साहेबांनी मला बोलावून डिश दाखवल्या. गणपतीच्या सुट्टीच्या आधी बेचाळीसवर शेकलेल्या पेशी मी उबवणपेटीत ठेवून गेलो होतो. साहेबांनी त्याच आता पंचेचाळीसवर नेल्या होत्या. सूक्ष्मदर्शकाखाली सगळ्या गोल होऊन, तळ सोडून तरंगत होत्या. साहेब म्हणाले, एवढ्या दिवसांत पार विसरल्या बघ. नवं काहीच नव्हतं त्यात. मला पाठ होतं ते. पण त्या तरंगत्या पेशी बघताना दादांचे हात डोळ्यांसमोर आले आणि मी ठरवलं की आज घरी गेल्या गेल्या शेजारी जाऊन सांगायचं.

नाही सांगितलं. दोन दारांचं अंतर. सांगायचं तर खिशातल्या कागदाचं सांगावं लागलं असतं. उद्या जाऊ, परवा जाऊ म्हणत दिवाळीची साफसफाई आली.

एका रविवारी सगळी बिल्डिंग गॅलरीत गाद्या झटकत होती. दादा उजव्या हाताची मूठ मिरवत माझ्याकडे आले. तर्जनीच्या सांध्यावर एक भोक होतं. मसुराच्या दाण्याएवढं, गोल, कडा उचललेल्या, जणू कोणी गिरमिटाने पाडलंय.

"बघा डॉक्टर," ते सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "दाबून बघा. जरा पन दुखत नाय. तयार झाल्या ना पेशी?"

हेडक्लार्क वाकून बघून गेले. काकूंनी तर भोकाला हात लावला आणि खरंच दुखत नाही का, असं कौतुकाने विचारलं. क्रोमचं भोक दुखत नाही, हीच त्याची वाईट खोड. ज्या गोष्टीने माणसाने घाबरून धावत सुटावं, तीच दादा पुरावा म्हणून आणत होते. माझ्या सिद्धांताचा पुरावा. वहिनी दारात उभ्या होत्या. त्या भोकाकडे बघत नव्हत्या. माझ्याकडे बघत होत्या.

तिथेच, सगळ्यांसमोर सांगायला हवं होतं. मी दादांना हळूच आत बोलावलं आणि दार लोटून घेतलं. मग सगळं सांगितलं. कागद, भाकरी, तीन-चार दिवस, सगळं. क्रोमपुढे पेशी तयार होत नाहीत, त्या मरतात आणि जागा रिकामी राहते, म्हणून भोक.  दादा डोळा बारीक करून हसले.

"तुमच्या वहिनीनं पढवलं काय तुम्हाला?"

मी शपथ घेतली. ते म्हणाले की मंडपात किती झकास बोलला होतात, आता कसे मेल्यासारखे बोलताय. आणि मग सहज बोलून गेले की कारखान्यात त्यांनी हे सगळ्यांना सांगितलंय. टाकीवरच्या चौघांनी मोजे खुंटीला टांगलेत.

सोमवारी रजा टाकून मी त्यांच्याबरोबर कॅम्प चारला गेलो. कारखाना म्हणजे पत्र्याखालची एक लांबट खोली. आत पाऊल टाकताच घशात गंजलेल्या लोखंडाची चव आली. सिंधी शेठ गल्ल्यावरून उठलेही नाहीत. मी आल्याचं कारण ऐकून म्हणाले, "साईं, मोजे तो मैंने लाके दिये. नहीं पहनते तो मैं क्या करूँ, हाथ पकड़ूँ?" मी टाकीवरच्या चौघांना गोळा केलं आणि मान खाली घालून, एकही हातवारा न करता, खरं काय ते सांगितलं. आयुष्यात इतकं नीरस मी कधी बोललो नव्हतो. एकाने जांभई दिली. दुसरा म्हणाला की दादा तर वेगळंच सांगत होता, आणि तेच पटतं.

मग दादाच म्हणाले, "एक नळ काढून दाखवा डॉक्टर. तो बघा, चकाकलाय."

ते चेष्टेत म्हणाले होते. मी टाकीशी गेलो. तो तुषार चेहऱ्यावर आला आणि मी एक पाऊल मागे झालो. खुंटीवरचे मोजे काढून घातले. उजवा आधी डाव्या हातात गेला. रबर बोटांना चिकटत होतं. मग मोज्याला कुठे चीर नाही ना, हे मी उजेडाकडे धरून बघितलं. सगळे खो खो हसायला लागले. शेठसुद्धा. एक जण म्हणाला, "काय डॉक्टर, तुमच्या पेशी हसत नाहीत वाटतं?"

दादा मात्र हसत नव्हते. ते माझ्या हातांकडे बघत होते.

"एवढं भेता?" त्यांनी विचारलं.

"भितो."

"तवा पन भेत होता? मंडपात?"

"मंडपात टाकी नव्हती दादा. असती तर मी हात घातला नसता."

माझ्या हातातले मोजे त्यांनी एकेक बोट ओढत उतरवून घेतले आणि स्वतः चढवले. नळ काढला. बाकीच्यांपैकी दोघांनी त्या दिवशी मोजे घातले. उरलेल्या दोघांचं मला माहीत नाही, आणि मी परत जाऊन विचारलंही नाही.

बोटावरचं भोक पट्टी बांधून, टाकीपासून लांब राहून, दोनेक महिन्यांत भरलं. खड्डा राहिला. पण मी हट्टाने त्यांना उल्हासनगरमधल्या एका कान-नाक-घशाच्या डॉक्टरांकडे नेलं. त्या खऱ्या डॉक्टरांनी नाकात उजेड टाकला आणि मला बोलावून दाखवलं. दोन नाकपुड्यांमधल्या पडद्याला आरपार भोक होतं. एका नाकपुडीतला उजेड दुसरीतून दिसत होता. ते म्हणाले की हे वर्षानुवर्षांचं काम असतं, फडकं गणपतीनंतरच्या त्या दोन महिन्यांत बांधलं असतं तरी कदाचित झालंच असतं. तो 'कदाचित' मी किती अधाशासारखा पकडला होता. बाहेर पायऱ्यांवर येईपर्यंत मी जवळजवळ निर्दोष होत आलो होतो.

दादांनी विचारलं, "हे भरंल?"

"नाही," मी म्हणालो. "काठावरच्या पेशी काठ झाकून घेतात आणि तिथेच थांबतात. मधे कूर्चा उरलेली नाही. पुढे सरकायला त्यांना धरायला काही नाही."

त्यांनी मान हलवली. मग म्हणाले की घरी हे मी सांगणार नाही, तुम्ही सांगा.

वहिनी ओट्याशी उभ्या राहून भाजी चिरत होत्या. मी बसलो नाही. या वेळी त्यांच्यापुढे सगळं उभ्या उभ्याच सांगितलं, त्या 'कदाचित'सकट.  शेवटी एवढंच म्हणाल्या, "मी विचारायला आले होते तेव्हा तुम्हाला हे माहीत होतं?"

"हो."

त्यांनी चिरलेली भाजी पातेल्यात लोटली.

पुढे आठ वर्षं आम्ही शेजारी होतो. दर चतुर्थीला त्यांच्याकडून झाकलेल्या ताटलीत मोदक यायचे, मी भावजीच होतो, बोलण्यात कुठे उणं नव्हतं. पण त्यांच्या धाकट्या मुलीला गोवर आला, सासूबाईंना साखर निघाली, खुद्द त्यांच्या गळ्याला गाठ आली, तेव्हा वहिनी बिल्डिंगमध्ये सगळ्यांना विचारायच्या. हेडक्लार्कनाही विचारलं. मला त्यांनी पुन्हा कधीच काही विचारलं नाही.