सगळ्याच लढाया, की ही एकच?

लिअँडर थीलेन भित्रा आहे हे सेंट ओडिलोत कुणापासून लपलेलं नव्हतं, आणि त्यानंही ते कधी लपवलं नाही. सकाळी दुधाचे कॅन गोळा करायला तो ट्रक घेऊन निघाला की शेतकरी गोठ्यातूनच ओरडत, "उतर रे बिनधास्त, कोंबडा बांधून ठेवलाय!" लिअँडर हसायचा, पण कोंबडा खरंच बांधलाय का ते आधी खिडकीतून बघून घ्यायचा आणि मगच खाली उतरायचा. मिनेसोटातल्या आमच्या त्या मुलखात सगळे जर्मन रक्ताचे, सगळे कॅथलिक. एकाची चेष्टा केली की ती सात गावांत फिरायची.

त्याचा बाप ओथमार अगदी उलट. डेअरीत लोणी घुसळणारा दांडगा माणूस, हात असे की दुधाचा भरलेला कॅन एकेका हातात सहज उचलावा. दुसऱ्या महायुद्धात तो अमेरिकेच्या बाजूनं जर्मनीत लढून आला होता. त्याबद्दल तो बोलत नसे. एकदाच बोलला. लिअँडर तेव्हा शाळेत होता, बापलेक कुंपणाची तार ताणत होते.

"एक पोरगा पडला होता खंदकात," ओथमार म्हणाला. "जर्मन. आईला हाका मारत होता. तुझी आजी बोलायची ना, अगदी तीच भाषा, तोच हेल. गोळी माझीच होती."

"मग पा, तुम्ही गेलातच कशाला?"

ओथमारनं पकड खाली ठेवली. "पुढं आठवड्याभरानं आम्ही नाझींच्या एका कैद्यांच्या छावणीचं दार उघडलं. आतली माणसं... माणसं म्हणायची म्हणून. नुसती हाडं उभी होती. कुणीतरी जायलाच हवं होतं, लिअँडर. मला पुन्हा बोलावलं तरी मी जाईन, आणि तो पोरगा पुन्हा माझ्याच हातून मरेल. दोन्ही खरं आहे. धर तार."

त्याच वर्षी शाळेत सिस्टर विलीबाल्डा वर्गाकडून चर्चनं सांगितलेल्या न्याय्य युद्धाच्या अटी पाठ करून घेत होत्या. कारण खरं हवं, आधी बाकीचे सगळे उपाय करून झालेले असावेत, निरपराधांवर हात उचलायचा नाही. परीक्षा झाली आणि बाकीची पोरं विसरून गेली. लिअँडर भित्रा होता, म्हणून विसरला नाही. आपल्याला कधी ना कधी कुणीतरी हे विचारणार असं त्याला तेव्हापासूनच वाटत होतं.

सहासष्ट साली त्याच्या नावानं लष्कराचं बोलावणं आलं. व्हिएतनामची लढाई चालू होती. त्याआधीच्या शरदात एडी क्रेमर रजेवर आला होता. एडी त्याच्या वर्गातला, अलॉइस क्रेमरचा एकुलता एक मुलगा. एका सकाळी तो सहज म्हणून ट्रकमध्ये येऊन बसला आणि पूर्ण फेरी लिअँडरबरोबर फिरला. निम्म्या वाटेत त्यानं सांगितलं की त्याच्या तुकडीनं एक गाव जाळलं, आधी भाताच्या कणग्या, मग घरं. एक म्हातारी आगीत पुन्हापुन्हा शिरत होती, कशासाठी ते कुणाला कळलं नाही.

"आपण तिथं कुणाला वाचवतोय, तेवढं मला कुणी सांगितलं ना, तर मी काहीही करीन," एडी म्हणाला. "घरी नको बोलूस हं."

एडी परत गेला आणि नाताळाच्या आत त्याची शवपेटी आली.

लिअँडरनं ठरवलं की या लढाईत जायचं नाही. ठरवलं असं म्हणायचं, पण त्याला धड झोप लागत नव्हती, खाल्लेलं पोटात राहत नव्हतं. मरणाची भीती होती, मारण्याची होती, तुरुंगाची होती. आणि त्या सगळ्यांहून मोठी एक भीती होती, ती त्यानं कुणालाच सांगितली नाही: आपण ही लढाई चूक आहे म्हणून नाही म्हणतोय, की नुसते घाबरलोय म्हणून? भित्र्या माणसानं हे कसं ओळखायचं?

जवळच्या कॉलेजात फादर गॉडफ्री म्हणून एक तरुण पाद्री होते. ते अशा मुलांना सल्ला देत. त्यांनी लिअँडरला समोर बसवून कॉफी दिली आणि सरळ मुद्द्यावर आले.

"सूट मागणारा अर्ज केलास की भरती मंडळ तुला बोलावेल. गावातलेच पाच जण असतील. कायदा असा आहे की ज्याला धर्मानं सगळ्याच लढाया वर्ज्य आहेत, त्याला सूट. ही लढाई चूक, ती बरोबर, असं निवडणाऱ्याला सूट नाही."

"पण सिस्टरनी तर निवडायलाच शिकवलं."

"माहीत आहे मला. मीही तेच शिकलोय." फादर ओशाळून हसले. "ते विचारतील, हिटलरविरुद्ध लढला असतास का? सगळ्यांना विचारतात. तू म्हणायचं, नाही. एवढंच."

"खोटं बोलू, फादर?"

फादर गॉडफ्रींनी कप बाजूला सारला. "मी तुला ते सांगू शकत नाही," ते म्हणाले. "फक्त काय विचारतील ते सांगितलं."

मंडळाची बैठक हार्डवेअरच्या दुकानामागच्या खोलीत भरली. लिअँडरनं ट्रक दुकानाच्या कडेला उभा केला. बापानं त्याला एकट्याला जाऊ दिलं नव्हतं. ओथमार स्वतःच्या पिकअपमधून मागोमाग आला, पण आत आला नाही, गाडीतच बसून राहिला.

टेबलामागे पाच चेहरे, पाचही ओळखीचे. ज्यांच्याकडचं दूध तो रोज उचलायचा असे दोघं त्यात होते. मधोमध दुकानाचे मालक सिल्व्हेस्टर होल्ट्स. आणि अगदी कडेला, हॅट गुडघ्यावर ठेवून, अलॉइस क्रेमर. तो मंडळावर आहे हे लिअँडरला ठाऊक होतं, पण एडीच्या मरणानंतर इतक्यात तो येईल असं वाटलं नव्हतं.

"बस रे पोरा, कापतोयस कशाला, आम्ही काय खातोय तुला?" होल्ट्स म्हणाले. इकडचं तिकडचं विचारून झालं, चर्चला जातोस का, पापाची कबुली द्यायला जातोस का. मग त्यांनी चष्मा काढला. "तुझा बाप लढला. तुझ्या बापाचा मला अभिमान आहे. आता सांग, त्या वेळी तू असतास, तर त्या हिटलरशी लढायला गेला असतास की नाही?"

खोलीत स्टोव्हचा आवाज येत होता. नाही. एक शब्द. लिअँडरच्या जिभेवर तयार होता. तेवढा उच्चारला की घरी जाऊन पोटभर जेवायचं. त्याला कुंपणाची तार आठवली, त्या छावणीतली ती उभी हाडं आठवली. ती हाडं तिथंच उभी ठेवायची आणि म्हणायचं की मी आलो नसतो?

"गेलो असतो," तो म्हणाला. आवाज इतका बारीक होता की होल्ट्सनी कानाला हात लावला. "घाबरलो असतो, सर. पण गेलो असतो."

"मग झालं तर!" एक जण खुर्चीत मागे रेलला. "सगळ्या लढायांना विरोध नाही तुझा. या एकीलाच आहे."

"हो. या एकीला."

"ते ठरवणारा तू कोण रे?"

"मी नाही तर कोण ठरवणार?" लिअँडर उलट विचारायला गेला नव्हता, त्याला खरंच माहीत नव्हतं. "बंदूक माझ्या हातात देणार ना?"

तेव्हा पहिल्यांदा क्रेमर बोलला. मान वर न करता. "माझा एडी चुकीच्या लढाईत मेला, असं म्हणायचंय तुला?"

एडीनं सांगितलेलं सगळं लिअँडरच्या ओठांवर आलं, ती म्हातारी, ती आग. ते सांगितलं असतं तर कदाचित टेबलामागचे चेहरे बदलले असते. पण क्रेमरचा हात हॅटची कड सतत चिमटत होता, आणि लिअँडर त्या हाताकडेच बघत राहिला.

"एडीचं मला काही माहीत नाही, मिस्टर क्रेमर," तो म्हणाला.

त्या दुपारी तो एक खरं बोलला आणि एक खोटं, आणि दोन्हींचा त्याला उपयोग झाला नाही. पाचही मतं विरोधात गेली.

बाहेर ओथमारनं पिकअपचं दार आतून उघडलं. "काय विचारलं?"

"हिटलर."

"मग?"

"गेलो असतो म्हणालो."

ओथमारनं स्टिअरिंग दोन्ही हातांनी घट्ट धरलं. "मूर्खा," तो म्हणाला. "अरे मूर्खा, नाही म्हणायचं होतंस!"

"पा, तुम्ही बाहेर बसलेले असताना?"

"मी काय आत होतो ऐकायला?" ओथमार ओरडला, आणि मग त्याचा आवाजच फुटला. लिअँडरनं बापाकडे पाहिलं. दोन कॅन सहज उचलणारे ते हात थरथरत होते. या माणसाला भीती वाटू शकते हे त्याला जन्मात पहिल्यांदा दिसलं, आणि तो स्वतः कधी घाबरला नव्हता इतका घाबरला.

मिनियापोलिसच्या भरती केंद्रात नाव पुकारल्यावर एक पाऊल पुढं टाकायचं असतं, टाकलं की माणूस सैनिक झाला. लिअँडरनं टाकलं नाही. अधिकाऱ्यानं पुन्हा नाव घेतलं, पुन्हा त्यानं टाकलं नाही. खटला चालला तो एका सकाळीतच संपला, शिक्षा झाली दोन वर्षांची. तुरुंगात शूर होऊन राहिला वगैरे कुणी म्हणत असेल तर खोटं. लोखंडी दार आपटलं की तो दर वेळी दचकायचा, शेवटच्या दिवसापर्यंत. आई, रेजिना, महिन्यातून एकदा भेटायला यायची. ओथमार तिला गाडीनं आणायचा आणि बाहेर बसायचा. तीन भेटींनंतर तो आत आला. खिशातून सॉसेजचा तुकडा काढला आणि पहारेकऱ्यानं तो काढून घेतला.

सुटून आल्यावर डेअरीनं त्याला पुन्हा ट्रक दिला, कारण दुसरं कुणी त्या फेरीला टिकत नव्हतं. काही शेतकरी तोंड फिरवायचे. कोंबड्याचा विनोद मात्र सगळ्यांनी बंद केला, आणि ते त्याला तोंड फिरवण्याहून जास्त टोचायचं.

क्रेमरच्या गोठ्यावर तो जायचा तेव्हा कॅन बाहेर ठेवलेले असायचे, माणूस दिसायचा नाही. दुसऱ्या वसंतात एका सकाळी क्रेमर दारातच उभा होता.

"त्या दिवशी तू खोटं बोललास," तो म्हणाला. "एडी तुझ्या ट्रकमध्ये बसून गेला होता. रस्त्यावरून बघितलं होतं मी."

लिअँडरच्या हातातला कॅन खाली आपटला. "मिस्टर क्रेमर, मी..."

"मलाही सांगितलं होतं त्यानं. याच गोठ्यात. ते गाव. परत जात नाही म्हणाला." क्रेमर बोलता बोलता गाईच्या पाठीवरून हात फिरवत होता. "मी म्हटलं, ओथमार थीलेन गेला होता, तो काय रडत बसला का? लढाई म्हणजे लढाई. जा परत. मला वाटलं, सगळ्या सारख्याच असतात." तो थांबला. "आणि मग तू तिथं बसून म्हणालास की सारख्या नसतात. मी तुझ्या बाजूनं मत दिलं असतं, तर माझ्या पोराचं मी काय केलं, हे मला रोज बघावं लागलं असतं. ते आता बघावं लागतंच."

लिअँडरनं कॅन उचलले, ट्रकवर चढवले, आणि खाली येऊन क्रेमरच्या शेजारी उभा राहिला. इतका वेळ उभा राहिला की पुढच्या तीन घरांचं दूध त्या दिवशी उशिरा गेलं.

तुरुंगातून आल्यावर लवकरच त्याचं लग्न झालं, एक मुलगी झाली, मोनिका. आजोबांसारखी दांडगी, कशालाच न भिणारी. नर्स झाली आणि लष्कराच्या राखीव दलात नाव घातलं, कारण शिक्षणाचा खर्च निघत होता. नव्वदच्या हिवाळ्यात कुवेतच्या लढाईसाठी तिची तुकडी बोलावली गेली. स्वयंपाकघरात बटाटे सोलता सोलता तिनं बापाला विचारलं.

"ही कशी आहे? आजोबा लढले तसली, की एडीची?"

ओथमार तोवर वारला होता. लिअँडरच्या हातातली सुरी थांबली. गावातले लोक समजत की त्याला असल्या गोष्टींचं पक्कं कळतं, तुरुंगात जाऊन आलेला माणूस.

"मला माहीत नाही गं," तो म्हणाला. "इराकनं दुसऱ्याचा देश गिळला, ते चूकच. पण तेल नसतं तिथं, तर गेलो असतो का आपण? मी रोज बातम्या बघतो आणि रोज माझं मत बदलतं."

"त्या वेळी बरी तुमची खात्री होती!"

"कसली खात्री? उलटी व्हायची मला रोज."

"मग मी काय करू?"

"तू जा असं मी म्हणणार नाही, आणि जाऊ नकोस असंही नाही. अलॉइस क्रेमरनं एकदा आपल्या मुलाला सांगितलं होतं." त्यानं बटाटा पाण्यात टाकला. "तू काही ठरवलंस तरी मी घाबरणार, एवढं नक्की. त्यात तुझं काही चुकलं असं समजू नकोस."

मोनिका गेली. वाळवंटातल्या इस्पितळात तिनं आपल्या सैनिकांबरोबर इराकी पोरांच्याही जखमा शिवल्या, आणि वसंतात धडधाकट परत आली. ती लढाई बरोबर होती असं तिचं ठाम मत. लिअँडरला ते तिच्या परत येण्यानंतरही पटलं नाही, पण चूक होती असंही त्याला म्हणता येईना. रविवारी जेवायला बसली की दोघं त्यावरून भांडायची, आवाज चढायचे, आणि त्याची बायको दोघांच्याही ताटात न विचारता आणखी भाजी वाढायची.